मदत हवी आहे: युवा संमेलनानंतर स्वयंसेवकांची बैठक कशी घ्यावी?

नमस्कार मंडळी. आमच्या धार्मिक युवा संमेलनाचं सूप वाजलं, आता स्वयंसेवकांची आढावा बैठक घ्यायची आहे. बहुतेक जण कॉलेजातले, पहिल्यांदाच जबाबदारी घेतलेले. आढावा म्हटलं की हिशोब, उपस्थिती, माइक कुठे बंद पडला एवढंच निघतं, आणि मग आभारप्रदर्शन. नोंदणीच्या टेबलावरची एक मुलगी हसत म्हणाली, "दादा, मी सगळं संमेलन बिल्लेच वाटले, प्रार्थनेला एकदाही आत बसता आलं नाही." 'सेवा हीच उपासना' असं तिला सुनवायला माझी जीभ रेटेना.

तर, अशी बैठक कोणी घेतली आहे का? ज्येष्ठांसमोर पोरं तोंड उघडत नाहीत, मग आधी त्यांना वगळून गटागटाने बसावं का? की निनावी चिठ्ठ्या बऱ्या? (गूगल फॉर्म पाठवून झाला; 'छान झालं'च्या पुढे कोणी जात नाही.) शिवाय प्रत्येकाला निदान एक सत्र तरी निवांत ऐकायला मिळेल अशा पाळ्या तुम्ही कशा लावता? तयार तक्ता असेल तर प्लीज इथे टाका. बैठक येत्या रविवारी आहे.