मदत हवी आहे: बोअरस्कोप की बोरोस्कोप?

नमस्कार मंडळी,

स्पार्क प्लग काढून त्या भोकातून बारीक नळी आत सोडायची आणि इंजिन न उघडता सिलिंडरच्या भिंतीवरचे ओरखडे बघायचे, त्या उपकरणाला इंग्रजीत बोअरस्कोप म्हणतात. या नावाच्या व्युत्पत्तीबद्दल मदत हवी आहे.

'स्कोप' आला ग्रीक 'स्कोपेइन'वरून, म्हणजे बघणे, तपासणे. 'बोअर' मात्र जुन्या इंग्रजीतल्या 'बोरिअन'चा, म्हणजे भोक पाडणे. बंदुकीच्या नळीच्या पोकळीलाही बोअरच म्हणतात. १६११ सालचा टेलिस्कोप आणि १६२५ चा मायक्रोस्कोप हे शब्द दोन्ही बाजूंनी ग्रीक. हा अर्धा इंग्रजी, अर्धा ग्रीक. असे जोडशब्द मला फार आवडतात, म्हणून मागे लागलोय.

अडलंय ते असं: बऱ्याच ठिकाणी 'बोरोस्कोप' असंही लिहिलेलं दिसतं. हा मधला 'ओ' मायक्रोस्कोपच्या धर्तीवर घुसला का? आणि नाव आधी कुठे रुळलं, तोफा-बंदुकांच्या तपासणीत की टर्बाइनच्या? जुन्या शब्दकोशातली किंवा पेटंटमधली नोंद सालासकट कुणाकडे असेल तर कृपया द्या. नुसता तर्कही चालेल, फक्त तो तर्क आहे एवढं लिहा.