प्रायोगिक नाटकाची पात्रनिवड: एका संध्याकाळच्या वाचनावर भूमिका ठरवाव्यात का?

दिग्दर्शक, धरमपेठ
राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी जवळ आली की नागपुरातल्या तालमींच्या खोल्यांतून एक ठरलेला प्रकार सुरू होतो: इच्छुकांना गोल बसवायचे, संहिता हातोहात फिरवायची आणि ज्याचे वाचन खणखणीत त्याला मोठी भूमिका देऊन मोकळे व्हायचे. माझा या पद्धतीला विरोध आहे. वाचनातून उच्चार आणि आवाजाची फेक कळते. परंतु एकही वाक्य नसताना हा नट रंगमंचावर कसा उभा राहील, हे मुळीच कळत नाही. ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (१९७२) ओळीने उभ्या असलेल्या ब्राह्मणांचाच पडदा होतो, त्या रांगेतला माणूस गळा, ताल आणि शेजाऱ्याच्या हालचालीचे भान पाहूनच निवडावा लागतो. म्हणून आधी दोन आठवड्यांचे शिबिर घ्यावे आणि भूमिका त्यानंतरच वाटाव्यात, असे माझे मत आहे.

अभिनेत्री, प्रतापनगर
सर, आपल्या शिबिराला येणार कोण? बुटीबोरीच्या कारखान्यातून पाळी संपवून येणारा नट आणि घरी लहान मूल असलेली नटी पहिल्या दोन दिवसांतच गळतात, मग महाविद्यालयीन मुले उरतात आणि साठीच्या म्हाताऱ्याच्या भूमिकेत विशीतला मुलगा केसांना पावडर लावून उभा राहतो. वाचनात निदान सर्वांसमोर एकच पान असते. शिवाय वाचनात काय पाहायचे, हे पाहणाऱ्यावर अवलंबून आहे. समोरचा बोलत असताना नट स्वतःच्या पुढच्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारत बसतो की मान वर करून ऐकतो, एवढे पाहिले तरी निम्मी निवड होते. एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’सारख्या संहितेत तर न बोललेलेही वाक्यांच्या मधूनच ऐकू यावे लागते, तिथे ज्याला वाचता येत नाही त्याला गप्पही राहता येणार नाही.

झाडीपट्टीतील नट, सध्या नागपूर
आपण दोघेही शहरातल्या त्याच वर्तुळाबद्दल बोलत आहात. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, वडसा आणि परिसरातल्या मंडळ्यांचे नट रात्रभर चालणारी नाटके गाण्यांसह पेलतात. त्यांना प्रायोगिक नाटकात बोलावलेच, तर गडी किंवा दारुडा यापलीकडे काही मिळत नाही, कारण त्यांची बोली ऐकून दिग्दर्शकांनी भूमिका आधीच ठरवलेली असते. नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीरांनीही छत्तीसगडच्या ‘नाचा’ या लोकनाट्याच्या कलावंतांकडून सुरुवातीला हिंदी बोलवून घेतली होती. त्यांना त्यांच्याच बोलीत मोकळे सोडल्यावर ‘चरणदास चोर’ (१९७५) उभे राहिले. आणि भाऊ, शिबिर हिवाळ्यात ठेवाल तर आम्ही येणार नाही. दिवाळीनंतर आमचा हंगाम असतो आणि वर्षाचे पोट त्यावर चालते.

दिग्दर्शक, धरमपेठ
तन्वीरांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. त्याच कलावंतांबरोबर ते वर्षानुवर्षे राहिले, म्हणून बोलीतला नट त्यांना दिसला. एका संध्याकाळच्या वाचनात ही माणसे बहुधा दाराबाहेरच राहिली असती. हंगामाचा मुद्दा मात्र रास्त आहे, शिबिर पावसाळ्यात घेता येईल. वेळेच्या अडचणीबद्दल म्हणाल, तर ज्याला शिबिराला सवड नाही त्याला दीड महिन्याच्या तालमींना ती कुठून मिळणार?

अभिनेत्री, प्रतापनगर
भूमिका हातात असेल तर माणूस रजा टाकतो, पाळी बदलून घेतो, सासूबाईंची मनधरणी करतो. ‘कदाचित निवड होईल’ एवढ्यावर कोणी टाकत नाही. तन्वीरांची मंडळी व्यावसायिक होती. आपल्याकडे चहा-पोह्यांवर भागवले जाते आणि पेट्रोलही ज्याचे त्यानेच भरायचे असते. शिबिर हवेच असेल तर येणाऱ्या प्रत्येकाला, निवड होवो न होवो, जाण्यायेण्याचा खर्च द्यावा आणि ही रक्कम नेपथ्याच्या अंदाजपत्रकातून काढावी. यास आपली तयारी आहे का, एवढेच सांगावे.