मदत हवी आहे - न्यूटरिंगनंतर (नसबंदीनंतर) बोका एकदम बदललाय

आमचा गुंड्या साधारण 6 महिन्यांचा, नुकतंच न्यूटरिंग केलंय. टाके नाहीत, जखम कोरडी आहे, ताप नाही, त्यामुळे त्याची काळजी नाही. पण वागणं!! आधी दिवसभर पडद्यावर चढणारा, पायाला चावणारा बोका आता माझ्या जुन्या सुती ओढणीचा कोपरा तोंडात धरून चोखत बसतो आणि पुढच्या पायांनी ती मळत राहतो, ओढणी पार ओली. आणि भूक म्हणजे काय सांगू, वाटी चाटून झाली की फ्रीजसमोर बोंबलत उभा. डॉक्टर म्हणाले ऑपरेशननंतर कॅलरी कमी लागतात आणि भूक मात्र वाढते, खाणं मोजून द्या, पण वाढीचं वय आहे हो, किती कमी करायचं?

दुसरं म्हणजे त्याची सख्खी बहीण मनी. क्लिनिकमधून आणल्यापासून त्याला बघून फिस्कारते, वास बदलल्यामुळे असेल म्हणून दोघांना एकाच टॉवेलने पुसतेय, थोडा फरक आहे पण अजून एका ताटलीत जेवत नाहीत.

आणि दाराच्या कोपऱ्यात शेपटी थरथरवत शूचा फवारा मारणं अजून चालूच! हॉर्मोन्स उतरायला काही आठवडे लागतात हे माहितीये, पण तुमच्या बोक्यांचं हे नक्की कधी थांबलं? लिटरमध्ये (त्याच्या वाळूच्या ट्रेमध्ये) शू नीट होतेय, ते रोज बघते, कारण बोक्यांची शू तुंबली तर थेट इमर्जन्सी.

ओढणी काढून घेऊ की राहू दे? दोरे गिळेल याची भीती वाटते. प्लीज अनुभव सांगा.