जुने, पण फार कमी चाललेले मोटरहोम घ्यावे का?

प्रश्न : रारीटनकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही दोघे मध्य न्यू जर्सीत राहतो. मुले आपापल्या मार्गाला लागली आहेत, माझी निवृत्ती जवळ आली आहे आणि पुढची काही वर्षे इथली राष्ट्रीय उद्याने सावकाश पाहावीत असे आमच्या मनात आहे. पत्नीला पथ्याचे जेवण लागते, त्यामुळे हॉटेलांच्या भरवशावर लांबचा प्रवास आम्हाला जमत नाही. सोबत स्वतःचे स्वयंपाकघर असणे ही आमची खरी गरज आहे.

पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरजवळ एक मोटरहोम पाहण्यात आले आहे. २००६ चे मॉडेल, क्लास सी (व्हॅनच्या केबिनमागे घर बांधलेला प्रकार), लांबी ३१ फूट, फोर्ड ई-४५० चासी, ६.८ लिटरचे व्ही-टेन पेट्रोल इंजिन, एक स्लाइड-आउट (गाडी उभी असताना बाहेर सरकवता येणारा खोलीचा भाग) आणि ओडोमीटरवर केवळ १९,००० मैल. पहिल्यापासून एकाच वृद्ध जोडप्याकडे आहे आणि आता त्यांना गाडी चालवणे होत नाही. मागणी २७,५०० डॉलरची आहे. नवे क्लास सी घ्यायचे तर लाखाच्या पुढे जावे लागते आणि तेवढी रक्कम यात घालण्याची आमची तयारी नाही.

इतक्या वर्षांत इतके कमी मैल, ही जमेची बाजू समजावी की त्यात काही धोका आहे? पाहायला जाताना नेमके काय तपासावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : कोलंबसकर

मैल हे इंजिनाचे वय सांगतात. मोटरहोम मात्र अर्धे वाहन आणि अर्धे घर असते, आणि घराचा भाग पावसाने, उन्हाने व बर्फाने झिजतो. गाडी फिरली काय किंवा उभी राहिली काय, त्याला फरक पडत नाही. त्यामुळे १९,००० हा आकडा वाचून हुरळून जाऊ नका आणि घाबरूनही जाऊ नका. पहिल्या भेटीत इंजिन सुरू करण्याच्याही आधी पाणी कोठून शिरले आहे का, एवढेच शोधा.

क्लास सी मध्ये चालकाच्या डोक्यावर जो झोपण्याचा कप्पा असतो तो सर्वांत कच्चा दुवा, कारण धावत्या गाडीवर पाऊस समोरून थेट त्याच्या सांध्यांवर आपटतो. तेथील गादी पूर्ण उचला आणि खालच्या प्लायवुडवर, विशेषतः पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत, अंगठ्याने जोर देऊन पाहा. लाकूड घट्ट असेल तर काहीच जाणवत नाही. ओल खाल्लेले लाकूड किंचित दबते, आणि वरचा भिंतीचा कागद नवा चिकटवलेला असला तरी त्याखाली बारीक सुरकुती उमटते. नंतर बाहेर येऊन कडेच्या पट्टीत बसवलेली प्लॅस्टिकची फीत थोडी ओढून आतले स्क्रू पाहा. ते गंजलेले असतील तर पाणी त्यांच्याच वाटेने आत गेले आहे असे समजावे. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीला डोळा लावून लांबीच्या दिशेने नजर टाका. फायबरग्लास कोठे फुगलेला दिसला तर आतील प्लायवुडचा पापुद्रा सुटला आहे. अशी भिंत नीट करण्याचा खर्च अनेकदा गाडीच्या किमतीला भिडतो. तेथे भाव कमी करून मागण्याच्या भरीस पडू नका, सरळ परत या.

छपरावर शिडीने चढून पाहणे अत्यावश्यक आहे. छप्पर रबराचे आहे की फायबरग्लासचे, ते विचारा; दोन्हींत झरोके, एअर कंडिशनर आणि कडा यांच्याभोवतीचे सीलंट हेच खरे संरक्षण असते. ते दर वर्षी तपासावे लागते आणि तडकले की पुन्हा भरावे लागते. हार्डवेअरच्या दुकानात ओलावा मोजण्याचे साधे यंत्र मिळते, ते सोबत न्या आणि खिडक्यांचे खालचे कोपरे, स्लाइड-आउटच्या जमिनीच्या कडा व मागच्या भिंतीचे तळ यांवर लावून पाहा. ही पहिली फेरी समाधानकारक वाटली, तरच एनआरव्हीआयए या आरव्ही (मोटरहोमसारखी घर-वाहने) निरीक्षकांच्या संघटनेच्या प्रमाणित निरीक्षकाला पैसे देऊन सविस्तर तपासणी करून घ्या. शंभर-दोनशे मैलांवरून आलेल्या खरेदीदाराला जे दोन तासांत दिसत नाही ते त्याला दिसते, आणि त्याच्या लेखी अहवालावर भाव ठरवणे सोपे जाते.

एक गोष्ट जाहिरातीवरून कळत नाही, ती फोन करून विचारा: गाडी कोठे उभी होती? उघड्यावर असेल तर छपराने प्रत्येक हिवाळ्याचा बर्फ पाहिला आहे. धान्याच्या कोठारात असेल तर छप्पर वाचले असेल, पण उंदीर आले असतील. हीटरच्या नळ्या, खणांचे तळ आणि इंजिनाच्या एअर फिल्टरची पेटी उघडून पाहा.

उत्तर : चासी आणि चाके

मी मिशिगनमध्ये व्यापारी वाहनांच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून यांत्रिक भागापुरते लिहितो. हे इंजिन दणकट आहे. त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत स्पार्क प्लग हेडमधून उखडून बाहेर येण्याची तक्रार होती, कारण प्लगला पकड देणारे आटे कमी होते; २००६ च्या गाडीबद्दल ती धास्ती बाळगण्याचे कारण नाही. १९,००० मैल या इंजिनाला काहीच नाहीत.

चिंता आहे ती रबराची आणि द्रवांची. सर्वप्रथम टायर. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष. २११५ असेल तर २०१५ सालचा एकविसावा आठवडा. हा पूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूवर छापलेला असतो, आणि मागे जोडचाके असल्यामुळे तो आतल्या बाजूला गेलेला असू शकतो. तेव्हा जुना टॉवेल अंथरून खाली झोपा, टॉर्च आणि आरसा सोबत ठेवा, पण सहाही टायरांची तारीख वाचल्याशिवाय उठू नका. नक्षी नव्यासारखी दिसते म्हणून टायर नवे, असे विक्रेता प्रामाणिकपणेच सांगेल. तरीही दहा वर्षांच्या टायरवर महामार्गाने जाणे जिवावर बेतू शकते, कारण मागचा टायर फुटला की तो चाकावरचे फरशीचे तक्ते, वायर आणि पाण्याच्या नळ्याही ओरबाडून नेतो. सहा टायरांचे हजार ते दीड हजार डॉलर हिशेबात आधीच धरून ठेवा.

इंजिन थंड असताना सुरू करण्याची अट घाला आणि विक्रेत्याला तुम्ही येण्याआधी ते न चालवण्याची विनंती करा. ब्रेक फ्लुइड हवेतील ओलावा शोषून घेते आणि कॅलिपर (चाकाला ब्रेकची पकड देणारा भाग) उभ्या उभ्या अडकतात. पंधरा-वीस मैल चालवून आणल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने प्रत्येक चाकाचे तापमान घ्या. एखादे चाक इतरांपेक्षा बरेच गरम लागले तर त्याचा ब्रेक सुटत नाही. टाकीतले पेट्रोल किती जुने आहे, तेही विचारा; त्याने पंप बिघडला तर ५५ गॅलनची टाकी खाली उतरवून आतला पंप बदलणे हे काम वेळखाऊ आणि महागडे आहे.

जनरेटरचा तासांचा आकडा अवश्य टिपून घ्या, कारण मैलांपेक्षा तो जास्त बोलका असतो. अशा गाड्यांत बहुधा ओनानचा ४,००० वॉटचा जनरेटर असतो, आणि तो महिन्यातून एकदा निम्म्या भारावर दोनेक तास चालवावा अशी निर्मात्याचीच सूचना आहे. वर्षानुवर्षे न चालवल्यास कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा चिकट थर बसतो. जनरेटर भार न देता नुसता चालवून दाखवला तर समाधान मानू नका. छपरावरचा एअर कंडिशनर लावून अर्धा तास चालवायला सांगा.

उत्तर : रानवाटा

वरील दोघांशी मी बहुतांशी सहमत आहे, तरीही थोडा वेगळा विचार मांडते. मला विचाराल तर ४५,००० मैल चाललेली आणि दर उन्हाळ्यात वापरलेली गाडी मी १९,००० मैलांच्या गाडीआधी पाहीन. जे कुटुंब दर वर्षी बाहेर पडते त्याला बिघाड प्रवासातच कळतात आणि ते त्या त्या वेळी दुरुस्त करून घेते. उभ्या गाडीतले बिघाड साचत जातात आणि नव्या मालकाच्या पहिल्या सहलीत एकदम बाहेर येतात. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने अशीच जवळजवळ न वापरलेली गाडी घेतली, आणि त्यांचा पहिला उन्हाळा पाण्याचा पंप, फ्रीज, हीटर आणि जनरेटर यांच्या दुरुस्तीत गेला. इंजिन मात्र एकदाही कुरकुरले नाही.

आपल्या पत्नीच्या पथ्यासाठी स्वयंपाकघर महत्त्वाचे आहे, म्हणून त्या भागाबद्दल लिहिते. यातील फ्रीज घरच्यासारखा कॉम्प्रेसरवर चालणारा नसून गॅस किंवा विजेच्या उष्णतेवर चालणारा शोषण पद्धतीचा असणार. तो थंड व्हायला कित्येक तास घेतो. तेव्हा आदल्या दिवशीच तो सुरू करून ठेवायला सांगा आणि पोहोचताच आत थर्मामीटर ठेवा. आगीच्या धोक्यामुळे डोमेटिक आणि नॉरकोल्ड या दोन्ही कंपन्यांचे काही जुने फ्रीज दुरुस्तीसाठी परत मागवले गेले होते. आतील पट्टीवरचा मॉडेल व अनुक्रमांक लिहून घ्या आणि ते काम झाले आहे का, याची खात्री करा. गॅसगळती ओळखणाऱ्या यंत्राचे आयुष्य पाच ते सात वर्षांचे असते, त्यामुळे त्याच्या मागची तारीख पाहा; दिवा हिरवा लागतो म्हणून ते चालू आहे असे मानू नका. गॅसच्या नळ्यांची दाबचाचणी कोणत्याही आरव्ही तंत्रज्ञाकडून होते, ती टाळू नये.

पाण्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. टाकी भरा, पंप लावा, सगळे नळ उघडून हवा जाऊ द्या, मग सगळे बंद करा आणि आत शांत बसा. पंप थांबल्यावर काही मिनिटांनी आपोआप पुन्हा घरघरला, तर कोठेतरी पाणी झिरपत आहे. पेनसिल्व्हेनियाच्या थंडीत एका हिवाळ्यात जरी नळ्यांत अँटीफ्रीझ (गोठण्यापासून वाचवणारा द्रव) घालायचे राहिले असेल, तर एखादा सांधा तडकलेला असतोच. विक्रेता म्हणाला की पाणी नंतर लावून बघा, तर वसंत ऋतूपर्यंत थांबा.

रारीटनकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आपण लिहिलेले सारे टिपून घेऊन आम्ही शनिवारी जाऊन आलो. कप्प्यातील लाकूड दोन्ही कोपऱ्यांत घट्ट लागले, यंत्रानेही कोठे ओल दाखवली नाही. गाडी बंद गॅरेजमध्ये होती. छपराचे सीलंट नव्याने भरल्याची पावती त्यांच्या फाइलमध्ये आहे, तसेच तेल बदलल्याच्या आणि दर शरद ऋतूत नळ्यांत अँटीफ्रीझ घातल्याच्या नोंदी हाताने लिहिलेल्या आहेत. जनरेटरवर २१२ तास आहेत आणि एअर कंडिशनरच्या भारावर तो नीट चालला. फ्रीज गॅसवर थंड होता. पंप मात्र बंद नळांवर दोनदा वाजला. शौचालयाच्या झडपेपाशी थेंब दिसले. गाडी चालवून आल्यावर पुढचे उजवे चाक इतरांपेक्षा गरम होते. सहापैकी चार टायरांवर २०१३ चा क्रमांक आहे, दोन त्यानंतरचे. मालकांनी काहीही लपवले नाही, उलट आम्हाला चहा दिला आणि प्रत्येक झाकण स्वतः उघडून दाखवले. आता भाव किती सांगावा आणि आणखी काय पाहावे?

उत्तर : मोनोनगहेला

कागदपत्रांविषयी थोडे. विम्याची विचारणा सौद्याआधी करा, कारण इतक्या जुन्या गाडीला काही कंपन्या पूर्ण संरक्षण देत नाहीत. बँका तर बहुधा कर्जच देत नाहीत. काही खासगी आरव्ही पार्क दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्या घेत नाहीत, मात्र राष्ट्रीय उद्यानांच्या तळांवर तशी अट नसते, त्यामुळे तुमच्या बेताला त्याची झळ कमी बसेल. लांबीचे मात्र ध्यानात ठेवा: ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातील गोइंग-टू-द-सन रोडच्या डोंगरी टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब वाहनाला परवानगी नाही. तेथे गाडी तळावर ठेवून बसने जावे लागेल.

पेनसिल्व्हेनियात टायटलवर (गाडीच्या मालकीच्या दाखल्यावर) विक्रेत्याची सही नोटरीसमोर किंवा अधिकृत एजंटसमोर व्हावी लागते, आणि न्यू जर्सीत नोंदणी करताना ६.६२५ टक्के विक्रीकर भरावा लागेल. दोन्ही हिशेबात धरा.

उत्तर : कोलंबसकर

आपला अहवाल वाचून मला आनंद झाला. १९,००० मैल आणि २१२ तास हे आकडे एकमेकांशी जुळतात. ही गाडी कोणी विसरून टाकून दिलेली नाही, तिला जपून बेताने वापरले आहे. हस्तलिखित नोंदींचे मोल चकचकीत रंगापेक्षा फार जास्त आहे. रानवाटा यांची शंका रास्त होती, पण या गाडीला ती लागू पडत नाही असे मला वाटते.

तीन कामे ठरलेली आहेत: सहाही टायर, पुढचे ब्रेक व त्यासोबत सर्व ब्रेक फ्लुइड, आणि शौचालयाची झडप. यांचे लेखी अंदाज तेथल्याच कारागिरांकडून घ्या आणि ती रक्कम मागणीतून वजा करून सांगा. त्या जोडप्याला तो हिशेब दाखवला तर घासाघीस करावी लागणार नाही. मी २४,००० पासून सुरुवात करेन आणि निरीक्षकाचा अहवाल स्वच्छ आला तर २५,००० च्या वर थोडे गेलो तरी वाईट वाटून घेणार नाही.

आणखी दोन गोष्टी पाहा. कपाटाच्या दाराच्या आतील बाजूस वजनाची पट्टी असते. या चासीची एकूण मर्यादा १४,०५० पौंड आहे, आणि स्लाइड-आउट असलेल्या ३१ फुटी गाडीत माणसे, सामान व पाणी यांसाठी त्यातून फार थोडे उरते. ४० गॅलन पाणीच सुमारे ३३० पौंड भरते. घरी नेताना वाटेत ट्रक थांब्यावरच्या काट्यावर पुढचा व मागचा आस (अ‍ॅक्सल) वेगवेगळा तोलून घ्या. दुसरे, वाहन ओळख क्रमांक टाकून चासीच्या परत मागणीची (दुरुस्तीसाठी रिकॉल केल्याची) यादी तपासा. मोटरहोम बांधणाऱ्या कंपनीची यादी वेगळी असते, तीही पाहावी.

आणि गाडी त्या २०१३ च्या टायरांवर न्यू जर्सीपर्यंत आणू नका. लँकेस्टरमध्येच टायर बसवून घ्या, ब्रेकही तेथेच सोडवून घ्या, आणि मगच नोटरीकडून निघा.