डॉक्टरांचा नंबर नि कोकणातली खोली, अ‍ॅपवर घ्यायची की सरळ फोन लावायचा?

फडके_रोडवाली

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

माझी आई ७६ वर्षांची. तिच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे इतकी वर्षं फोन करूनच नंबर लावायचो. गेल्या महिन्यात दिसलं की ते आता अ‍ॅपवर पण आहेत, म्हटलं कशाला उगाच एंगेज फोन लावत बसायचं, रात्री जेवणं आवरल्यावर साडेदहाला आरामात सोफ्यावर बसून बुक केलं, ११:२० चा स्लॉट, लगेच मेसेज, हिरवी टिक वगैरे. आईला मोठ्या तोऱ्यात दाखवलं पण. दुसऱ्या दिवशी आम्ही अकरालाच हजर. काउंटरवरच्या मुलीने माझ्या मोबाइलकडे बघितलंसुद्धा नाही, वहीत नाव लिहिलं नि म्हणाली "सतरा नंबर, बसा". आत गेलो तेव्हा पाऊण वाजून गेला होता. मधल्या वेळात आमच्यानंतर आलेले दोन काका आत जाऊन आले, त्यातले एक तर चक्क दोनदा! विचारलं तर म्हणे त्यांनी फोन केला होता.

आई घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी मेथी निवडता निवडता म्हणाली, "फोनवर निदान माणूस असतो."

तर प्रश्न असा की ऑनलाइन स्लॉटला काही किंमत असते का नक्की, की तो नुसता मनाच्या समाधानासाठी?

दुसरं म्हणजे जानेवारीत आईला घेऊन गुहागरला जायचंय, चौघं आहोत, मी, आई, नवरा आणि मुलगा. तिथेही तोच घोळ. एकाच घरगुती राहण्याच्या जागेचा अ‍ॅपवर रेट वेगळा नि फोनवर वेगळा, अ‍ॅपवर लाल अक्षरात "शेवटची एकच खोली" आणि फोन केला तर काकू म्हणतात "या हो, दोन्ही रिकाम्याच आहेत". नवरा म्हणतो अ‍ॅपवरच कर, काही झालं तर पैसे तरी परत मिळतात. तुम्ही लोक काय करता?

चहा_अर्धा

दोन्ही करतो. ऑनलाइन बुक करायचं आणि सकाळी फोन करून विचारायचं की माझं बुकिंग तुमच्याकडे दिसतंय का. बायको हसते. हसू दे.

काउंटरपलीकडून

ताई, तुमच्या पोस्टमधली वहीवाली मुलगी मी नाही, पण असू शकले असते 😄 नऊ वर्षं एका डोळ्यांच्याच दवाखान्यात काउंटरवर आहे, त्यामुळे जरा आतलं सांगते.

ते काका दोनदा आत गेले ना, ते वशिल्याने नाही. डोळ्याचा पडदा तपासायचा असला की आधी थेंब टाकतात. बाहुली मोठी व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास जातो, कुणाकुणाला परत एकदा थेंब टाकावे लागतात, आणि एकदा मोठी झाली की मग पेशंटला ताटकळत ठेवून चालत नाही, पुढचा नंबर थांबवून त्यांना आत घ्यावं लागतं. म्हणजे एकच माणूस दोनदा आत जाणार, एकदा साधी तपासणी, एकदा थेंबानंतर. बाहेर बसलेल्यांना वाटतं रांग मोडली. दिवसातून दहादा तरी समजावते हे मी. अ‍ॅपला मात्र यातलं काही कळत नाही, त्याच्या हिशोबी सगळे दहा मिनिटांचे, चष्म्याचा नंबर काढायला आलेला कॉलेजचा मुलगा पण दहा मिनिटं नि शुगरवाल्या आजी पण दहाच मिनिटं. बारा वाजेपर्यंत पाऊण तास मागे पडलेलो असतोच.

आता फोनवाल्यांचं. फुकटात ऑनलाइन बुक करणारे येतातच असं नाही, तीन ठिकाणी बुक करतात नि जिथे लवकर नंबर लागेल तिथे जातात, रद्द करायचं बटण कुणी दाबत नाही. फोनवर माझ्याशी बोललेला माणूस येणार नसेल तर निदान कळवतो, लाजेखातर का होईना. म्हणून आमच्याकडे अ‍ॅपच्या एका स्लॉटवर दोन नावं घेतात (आयडिया डॉक्टरांची, दोघंही हजर झाले की बोलणी मात्र मला). शिवाय सकाळचे पहिले चार-पाच नंबर आम्ही अ‍ॅपवर टाकतच नाही. ते मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला येणाऱ्यांचे आणि फोन करणाऱ्या जुन्या पेशंटचे. त्यामुळे अ‍ॅपवर फुल दिसलं म्हणजे फुल असेलच असं नाही.

पण सगळीकडे असं नसतं हां. मोठ्या हॉस्पिटलात एकच सिस्टीम, तुम्ही फोन केलात तरी पलीकडची मुलगी तुम्हाला दिसतो तोच स्क्रीन बघून सांगणार, तिथे फोन करून काही हाती लागत नाही, उलट "मराठीसाठी दोन दाबा" ऐकत बसायचं. तिथे ऑनलाइनच बरं.

एक-दोन डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करायचा असेल तर सकाळी दहा ते बारा कृपा करून करू नका, समोर वीस माणसं उभी असतात, मी "हो हो" म्हणून कुठल्या तरी कागदावर नाव लिहिणार आणि तो कागद चहाच्या कपाखाली जाणार (झालंय). दीडच्या सुमारास ओपीडी आटपली की करा, तेव्हा मी डबा खात असते पण डोकं जागेवर असतं. आणि नुसतं "अपॉइंटमेंट आहे का" असं नका विचारू. आई ७६ वर्षांच्या आहेत, शुगर असेल तर ते, मागच्या वेळी थेंब टाकले होते का, आणि "पहिल्यांदाच बोलवता का" हे स्पष्ट विचारा. थेंबवाल्यांना आम्हालाही लवकरच बोलवायचं असतं. थेंबानंतर तीन-चार तास तरी धूसर दिसतं नि उजेड खुपतो, काळा चष्मा न्या, रिक्षात बसवायला माणूस बरोबर हवा.

फडके_रोडवाली

अगं बाई!! म्हणजे ते काका निर्दोष होते. मी त्यांच्याकडे इतकं वाईट बघितलं ना, ते बिचारे डोळे मिचकावत बसले होते, मला वाटलं मुद्दाम करतायत. थेंब होते होय.

चहाचा कप वाचून हसले. डबा खाताना फोन करायला जिवावर येईल आता, पण करणार.

लीड्सवाला_पाहुणा

विषय निघालाच आहे तर इंग्लंडमधलं ऐका, म्हणजे तुमचा पाऊण वाजता आलेला नंबर गोड वाटेल. इथे जीपीकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे, सकाळी ८ ला फोन सुरू होतात. ७:५९ ला लावला तर रेकॉर्ड केलेली बाई सांगते अजून बंद आहे, ८:०१ ला लावला तर "तुमचा नंबर तेविसावा" आणि तो तेवीस एक होईपर्यंत त्या दिवसाच्या वेळा संपलेल्या. आपल्याकडे दवाखान्यात जाऊन बाकड्यावर बसता तरी येतं.

२०२५ च्या १ ऑक्टोबरपासून नियम आला की इंग्लंडमधल्या जीपींनी तातडीच्या नसलेल्या कामासाठी ऑनलाइन फॉर्म सकाळी ८ ते संध्याकाळी ६:३० चालू ठेवायचा. तेव्हापासून मी फॉर्मच भरतो. वेळ आपण निवडायची नसते, काय होतंय ते लिहायचं, मग ते ठरवतात फोनवर बोलायचं की प्रत्यक्ष बोलवायचं. मला जमतं. पण मागे आई इथे आली होती तेव्हा तिला बरं नव्हतं, मी फॉर्म उघडून विचारलं काय होतंय, तर म्हणाली "काही नाही रे, अंगात कसकस आहे". आता ही कसकस फॉर्ममध्ये कशी लिहायची हे मला आजतागायत सापडलेलं नाही. शेवटी आठच्या रांगेत फोनच लावला, फोनवर निदान अं-अं करता येतं.

आगरातली_खोली

गुहागरच्या जवळच आमच्या दोन खोल्या आहेत, नाव-पत्ता सांगत नाही, उगाच जाहिरात नको. पण "शेवटची एकच खोली" चं गुपित सांगतो. आम्ही अ‍ॅपला मुळात दोनातली एकच दिलेली आहे! त्यामुळे त्यांच्याकडे ती कायमच शेवटची. दुसरी फोनवाल्यांना. रेटमधला फरक म्हणजे त्यांचं कमिशन, ते आम्ही वर लावतो, मग फोनवर तेवढं कमी सांगता येतं.

दोन्ही खोल्या अ‍ॅपवर का नाही देत, तर एकदा देऊन बघितल्या. मे महिना, वळवाचा पाऊस, लाइट गेली, तिच्यामागे टॉवरही गेला. त्याआधीच फोनवर दोन्ही खोल्या दिल्या होत्या आणि अ‍ॅपच्या कॅलेंडरवर तारीख बंद करायची राहून गेली. रात्री नऊला पाच माणसांचं कुटुंब बॅगा घेऊन अंगणात उभं, मोबाइलवर मेसेज दाखवतायत, चूक त्यांची काहीच नाही. त्यांना आमची झोपायची खोली दिली, आम्ही पडवीत गाद्या टाकल्या, बायको आठवडाभर माझ्याशी सरळ बोलली नाही. नंतर ते लोक दोनदा येऊन गेले, ते वेगळं.

वयस्कर माणूस बरोबर असेल तर फोनच करा, कारण अ‍ॅपवर फोटो दिसतो, पायऱ्या दिसत नाहीत. विचारा: कमोड आहे का, संडास खोलीला लागून की मागल्या दारी, पायऱ्या किती आणि धरायला कठडा आहे का, गाडी दारापर्यंत येते की आगरातून चालत यायचं (आमच्याकडे चालावं लागतं, शंभर पावलं, नि वाट चिऱ्याची आहे, पावसाळ्यात शेवाळतं). जेवणाचंही आधी बोला. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगायचं, सकाळी येऊन "दुपारी मोदक मिळतील का" म्हणणारे भेटतात, नारळ काय आपोआप खवला जातो?

पण नवरोबांचं म्हणणं अगदीच मोडीत काढू नका. फोन नंबर कुठून घेतला ते बघा. आमच्या ओळखीच्या एका घराच्या नावाखाली नेटवर कुणीतरी आपलाच नंबर चिकटवला होता, लोक आगाऊ पैसे भरून दारात येऊन उभे. म्हणून नंबर जाऊन आलेल्या माणसाकडून घ्या, नसेल तर व्हिडिओ कॉल करून पडवी, खोली दाखवा म्हणा, खरा मालक लगेच दाखवतो, वर मांजरही दाखवतो. पैसे भरताना स्क्रीनवर नाव कुणाचं येतं ते वाचा, सगळी रक्कम आधी देऊ नका. आणि फसलात तर लाजू नका, तडक १९३० ला (ऑनलाइन फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन लावा, जितक्या लवकर तितके पैसे अडकवता येण्याची शक्यता जास्त.

रुळावरचा

चौघं जाताय तर रेल्वेचं पण आत्ताच बघून ठेवा, तिथे फोन-बिन नाही, एक तर ऑनलाइन नाही तर खिडकी. आता १२० दिवस आधी मिळत नाही, १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस झालेत, प्रवासाचा दिवस सोडून मोजायचे, सकाळी ८ ला उघडतं. रेल्वे बुकिंगच्या ऑनलाइन खात्याची आधार पडताळणी आधीच करून ठेवा, २०२५ च्या ऑक्टोबरपासून बुकिंग उघडतं त्या दिवसाची सुरुवातीची वेळ तसल्या खात्यांसाठी राखीव झाली, २०२६ च्या जानेवारीपासून तर तो अख्खा दिवस.

खरी गंमत खालच्या बर्थची. लोक चौघांचं एकत्र तिकीट काढतात, आजींच्या नावापुढे लोअर टाकतात नि मिळतो अप्पर, मग गाडीत लोकांच्या विनवण्या. ज्येष्ठांच्या खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, बुकिंग करताना तो निवडावा लागतो, आणि तिकिटावर एक किंवा फार तर दोनच माणसं हवीत, दोघंही त्या वयात बसणारी. पुरुष ६०, बायका ४५. म्हणजे आईंचं तिकीट वेगळं काढा, किंवा तुमचं वय ४५ च्या वर असेल तर तुम्ही दोघी एका तिकिटावर. डबा वेगळा येऊ शकतो, ती तयारी ठेवा. मांडवी दिवसाची गाडी असली तरी गुडघेवाल्या माणसाला पाय लांब करायला खालचा बर्थ लागतोच.

वेटिंग राहिलं तर ऑनलाइन तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात, खिडकीवरचं तुम्हालाच रद्द करावं लागतं नि पैसे घ्यायला खिडकीवर जावं लागतं.

जाता जाता, चिपळूणहून पुढे एसटीने गेलात तर आईंना तिकीट नाही, ७५ च्या वरच्यांना २०२२ पासून फुकट आहे, फक्त आधार कार्ड बरोबर ठेवा. तुमचं अर्धं. पूर्ण भरायचं ते नवरोबांनी 😄

पडद्यामागे

अवांतर, पण नाटकाचं कुणीच बोललं नाही. पेपरातल्या जाहिरातीत खाली फोन बुकिंगचा नंबर असतो, मी अजून तोच लावते. पलीकडच्या माणसाला म्हणायचं "कडेची द्या, सासूबाईंना मधे उठावं लागतं", तो बरोबर देतो. अ‍ॅपवर कडेची खुर्ची दिसते, पण ती कुठल्या कडेची, संडास कुठल्या दाराला, हे विचारणार कुणाला?

फडके_रोडवाली

सगळ्यांचे आभार. अपडेट देते.

आज बरोबर एक पस्तीसला फोन लावला, म्हणजे मी नाही, आईनेच लावला, मी नुसती बाजूला उभी. तिने थेंबांपासून सगळं सांगितलं, वर पलीकडच्या मुलीला "जेवलीस का गं" पण विचारलं. सोमवारी साडेनऊ, नंबर दुसरा. अ‍ॅपवर आत्ता बघितलं तर सोमवार सकाळ अख्खी फुल दाखवतंय.

गुहागरच्या काकूंनी व्हिडिओ कॉलवर पडवी दाखवली. पायऱ्या चार, कठडा नाही, पण त्या म्हणाल्या दोरी बांधून देतील. मांजर नव्हतं, कुत्रा होता. नवऱ्याला पैसे भरायच्या स्क्रीनवरचं नाव दाखवलं, ते काकूंचंच होतं, मग गप्प बसला.

रेल्वेचं अजून व्हायचंय. आणि हो, रुळावरचा दादा, मी सत्तेचाळीसची आहे हे इथे सगळ्यांसमोर कबूल करायला लावलंत तुम्ही.