विगान : जपलेले गाव नेमके कोणाचे?

फिलिपिन्समधील लुझॉन बेटावरचे विगान पाहून आले आणि जुन्या वास्तूंची ओढ असणाऱ्या प्रत्येकाने तिथे जावे, असे मनापासून वाटले. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी आखलेले काटकोनी रस्ते, मधला चौक आणि त्यालगतचे चर्च ही मांडणी अजून टिकून आहे. क्रिसोलोगो रस्त्यावर मोटारींना मज्जाव असल्याने दगडी फरसबंदीवरून फक्त टांगे धावतात. युनेस्कोने १९९९ साली या गावाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. स्पॅनिश अमदानीची ही देणगी फिलिपिनो लोकांनी उत्तम सांभाळली आहे.

प्रतिसाद १
‘देणगी’ या शब्दाला माझा ठाम आक्षेप आहे. नवरा दिएगो मारला गेल्यावर इलोकोसमधील (विगान ज्या प्रांतात आहे तो) स्पॅनिशांविरुद्धच्या बंडाचे नेतृत्व करणाऱ्या गाब्रिएला सिलांग हिला १७६३ च्या सप्टेंबरात याच गावात जाहीर फाशी देण्यात आली. पुढे १८०७ मध्ये, उसाच्या रसापासून घरोघरी होणाऱ्या ‘बासी’ या मद्यावर सरकारने निर्बंध घातले म्हणून लोक उठले आणि तोही उठाव चिरडला गेला. त्यावर १८२१ साली काढलेली चौदा चित्रे विगानच्या संग्रहालयात आहेत. ती पाहिलीत का?

धागालेखिका
नाही पाहिली, आणि त्याची आता खंत वाटते. तरीही राजवट क्रूर होती म्हणून तिची नगररचना वाखाणू नये, हे मला पटत नाही.

प्रतिसाद २
आपण दोघेही ती घरे स्पेनच्या खात्यावर मांडत आहात, मूळ घोटाळा तिथे आहे. रस्ते स्पॅनिशांनी आखले हे खरे, पण त्यावरचे वाडे बहुतांशी चिनी-फिलिपिनो व्यापारी कुटुंबांनी बांधले. खालचा मजला दगडविटांचा, वरचा लाकडी, आणि सरकत्या खिडक्यांना काचेऐवजी कापिस शिंपल्यांचे तुकडे. याच जातीच्या शिंपल्यांच्या खिडक्या गोव्यातल्या जुन्या घरांतही आहेत. माझ्या आजोळच्या ओसरीवर दुपारी त्यांतून येणारा दुधी उजेड मला अजून आठवतो. ते शिंपले समुद्रातून काढणारे, घासून चौकटीत बसवणारे हात इथलेच होते, तसे तिथलेही तिथलेच.

प्रतिसाद १
हे मान्य. मग गावाच्या नावामागे ‘स्पॅनिश’ हे विशेषण कशाला लावायचे? जुलै २०२२ च्या भूकंपात तिथल्या कित्येक घरांच्या भिंती कोसळल्या, आणि त्या सावरण्याचा भार इलोकोसच्या माणसांवरच पडला.