फेब्रुवारीत गोळी दिली होती, तरी लेकीच्या शीत जंत पडला

राधाची आई:
काल साडेचार वर्षांच्या लेकीच्या शीत वीतभर लांब, पांढुरका-गुलाबी जंत निघाला. अजून अंगावर काटा येतोय. १० फेब्रुवारीला अंगणवाडीत गोळी दिली होती. मग जुलैत हे कसं? एप्रिलमध्ये कोरडा खोकला धरला होता, त्याचा काही संबंध? सासूबाई म्हणतात, गूळ-साखर बंद कर.

नीलेश:
आमच्याकडे वावडिंगाची पूड मधातून देतात.

निवृत्त आरोग्यसेविका:
राधाची आई, धीर धरा. गुळाचा काही दोष नाही. जंत होतात ते अंडी पोटात गेल्यावर, आणि अंडी असतात मातीत. एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती शीतून उघड्यावर पडली की ओलसर, उबदार मातीत दोन-तीन आठवड्यांत तयार होतात. तिथून नखांत, कोथिंबिरीच्या काड्यांत.

पोटात अळी फुटते, आतडं भेदून रक्तावाटे फुप्फुसात जाते, घशाशी येऊन परत गिळली जाते. खोकला त्या वाटेवरचा असू शकतो. पुढे मोठी होऊन अंडी घालायला दोन-तीन महिने लागतात. फेब्रुवारीची गोळी त्या वेळी आतड्यात असलेल्या जंतांपुरती. नंतर पोटात गेलेल्या अंड्यांना ती काय करणार? म्हणूनच १० ऑगस्टला परत देतात.

आता डॉक्टरांना दाखवून अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम द्या, नीट चावून खायला लावा. वावडिंग द्यायचं तर द्या, पण त्यावर विसंबून गोळी चुकवू नका.

राधाची आई:
घरातल्या सगळ्यांनी घ्यायची का? धाकटा दहा महिन्यांचा आहे. भाजी मिठाच्या पाण्यात ठेवते मी.

निवृत्त आरोग्यसेविका:
धाकट्याला नाही, एक वर्षाच्या आत देत नाहीत. मोठ्यांनी डॉक्टरांना विचारून घ्या. कुणाला दिवस गेले असतील तर आधी सांगा, पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी टाळतात.

मिठावर भरवसा नको, अंडी फार चिवट असतात. कोथिंबिरीची मुळं कापा, जुडी सोडा, काड्या सुट्या करून घमेल्यात भरपूर पाण्यात खळबळा. माती तळाशी बसली की पाला वरून हाताने उचला. घमेलं चाळणीत उपडं केलंत तर तोच गाळ परत पाल्यावर. पाणी गढूळ येईनासं होईपर्यंत असंच. शिजवलेल्या भाजीची चिंता नाही, कच्चं खाता ते जपा.

आणि हे मनापासून सांगते: पोट फुगलं, कळा येऊन उलट्या लागल्या, शी अडली, तर घरी गोळी देत बसू नका. जंतांचा गुंता आतड्यात अडकतो. लगेच दवाखान्यात न्या, रात्र असली तरी.